मालनबाईंची अकरा दिवसांची हजेरी

पिंगळीच्या मालनबाईंना कुणी शिक्षण विचारलं, तर त्या सांगायच्या, "चौथी. पण चांगली चौथी." चांगली म्हणजे काय, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की त्या एकोणतीसचा पाढा सुरू करायच्या आणि विचारणाऱ्याला कामाला उशीर व्हायचा. नवरा सिद्धोधन गवंडीकाम करायचा. माणूस अबोल. घरातलं बोलायचं सगळं काम त्यानं लग्न झाल्या झाल्या बायकोच्या हवाली केलं होतं, आणि पंचवीस वर्षांत तिनं त्या कामात एक दिवस खंड पडू दिला नव्हता.

बाकीच्या कामाचंही तेच. रोजगार हमीच्या कामावर, मग ते शेततळं असो की पाणंद रस्ता, सकाळी पहिलं घमेलं मालनबाईंचं. हजेरीपटावर आपल्या नावापुढे खाडा पडणं ही त्यांच्या लेखी चारचौघांत नाक कापण्यासारखी गोष्ट होती. सुदैवानं रोजगार हमीत एक सोय असते. जॉबकार्ड माणसाचं नसतं, घराचं असतं. सिद्धोधनला शहरात काम लागलं तर मालनबाई जायच्या, मालनबाईंचं अंग मोडून आलं तर सिद्धोधन जायचा. मुकादम पटावर नाव बदलून घ्यायचा, ठरलेला खड्डा खणला जायचा आणि घराचा दिवस भरायचा. घरातलं एक माणूस उभं राहिलं म्हणजे हजेरी लागली, हा हिशेब मालनबाईंच्या डोक्यात इतका पक्का बसला होता की जगात दुसरा काही हिशेब असेल, अशी शंकाही त्यांना कधी आली नाही.

त्यांची एकुलती एक लेक पिंकी परभणीच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. भूगोल घेतला होता. सकाळच्या पॅसेंजरनं जायची, दुपारच्या गाडीनं यायची. फी, पुस्तकं, रेल्वेचा पास, सगळं सरकारी स्कॉलरशिपवर चाललं होतं. ही स्कॉलरशिप एकदा मिळाली की जन्मभर मिळते, असं पिंकीच्या आत्याला वाटायचं. मालनबाईंना तसं वाटत नव्हतं, कारण त्या पालकसभेला गेल्या होत्या. तीनशे मुलांमागे सात पालक आले होते आणि त्यात पहिल्या रांगेत बसलेल्या या एकट्या.

सभेत स्कॉलरशिपचे कारकून रंगनाथबाबू यांनी नियम सांगितले. दर वर्षी अर्ज नव्यानं भरायचा. तो पुढं सरकायला दोन गोष्टी लागतात: वर्षाची परीक्षा पास, आणि हजेरी शंभरातली पंच्याहत्तर. मालनबाईंनी हात वर करून ते पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी रंगनाथबाबूंनी कपाळाचा घाम पुसला आणि विचारलं, बाई, यात न कळण्यासारखं काय आहे? मालनबाई म्हणाल्या, कळलंय, पण तुमी तिन्ही वेळा तेच सांगता का ते बघायले. तेव्हापासून रंगनाथबाबूंना ही बाई चांगलीच लक्षात राहिली.

पिंकीची हजेरी काठावर होती. दिवाळीनंतर कापूस वेचायला माणूस मिळेना म्हणून ती बारा दिवस शेतात होती, त्यात मावसबहिणीचं लग्न. जानेवारीअखेर नोटीस बोर्डावर यादी लागली, तिच्या रोल नंबरापुढे सत्याहत्तर होतं. पिंकी खूश झाली, दोन टक्के वर आहेत म्हणून. आणि पुढच्याच सोमवारी तिला टायफॉईड झाला.

डॉक्टरांनी तीन आठवडे अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं. पिंकी तापात बरळायलाही लागली, तर हजेरीचंच बरळायची. स्कॉलरशिप गेली तर कॉलेज सुटणार, हे त्या घरात कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. सिद्धोधन तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होता आणि छताकडे बघत होता. मालनबाई मात्र शांत होत्या. त्यांना यात अडचण अशी काही दिसतच नव्हती.

मंगळवारी त्यांनी पहाटेच भाकरी थापल्या, सिद्धोधनला दोन दिवस घरी थांबायला सांगितलं, आत्याला पुढचे दिवस वाटून दिले आणि पिंकीची वही पिशवीत टाकून स्टेशन गाठलं. पिंकीचा पास घरीच ठेवला. पासावर फोटो असतो, दुसऱ्याच्या पासावर जाणं म्हणजे लबाडी, आणि लबाडी त्यांना खपत नसे. त्यांनी तिकीट काढलं.

हजेरी व्हायची ती सकाळच्या पहिल्या तासाला, बन्सीधर सरांच्या पटावर. सर भूगोलाचे. विद्वान माणूस, फक्त त्यांची मान पटातून वर यायला वेळ लागायचा. नाव घेऊन हाक मारत बसलं तर तास संपेल म्हणून ते नंबर पुकारायचे. "एक्केचाळीस" असं त्यांनी म्हटलं आणि शेवटच्या बाकावरून खणखणीत आवाज आला, "हजर." सरांनी बरोबरची खूण केली आणि बेचाळीसकडे वळले. नंतर त्यांना मागं बसलेली लुगड्यातली बाई दिसली, पण बढतीसाठी पदवी करणाऱ्या अंगणवाडीताई त्या कॉलेजात अधूनमधून दिसत. त्यांतलीच एक, असं समजून ते काळ्या मातीकडे वळले.

पिंकीची मैत्रीण बबिता शेजारच्याच बाकावर होती. तिनं तोंडात ओढणी कोंबून हसू आवरलं आणि काकूंना सरकून जागा दिली.

त्या संध्याकाळी पिंकीला जरा हुशारी होती. मालनबाईंनी तिला पेज पाजली आणि दिवस कसा गेला ते सांगितलं. पिंकीनं चमचा तोंडातून काढला.

"माय, तू वर्गात बसलीस? असं चालत न्हाई कॉलेजात."

"चालत न्हाई तर माझी हजेरी घेतली कशी?"

अंगात ताप असताना मालनबाईंशी वाद घालणं कुणालाच जमलं नसतं, ताप नसतानाही ते फारसं कुणाला जमत नसे. ती उशीवर टेकली. आणि मालनबाईंनी तिला तास सांगायला सुरुवात केली.

आता लिहून घेण्याचा वेग मालनबाईंकडे नव्हता. त्यांच्या चौथीला फक्त पाठांतर यायचं, पण ते असं यायचं की ऐकलेलं एक अक्षर खाली सांडत नसे. सर दर चार वाक्यांनी "म्हणजेच काय" म्हणायचे, मालनबाईही म्हणायच्या. लाखो वर्षांपूर्वी, नाही, कोट्यवधी, सर आधी लाखो म्हणले मग कोट्यवधी म्हणले, जमिनीला भेगा पडल्या आणि आतून लाव्हा आला, म्हणजेच काय, तापलेला रस, तो थरावर थर पसरला, मग सर खोकले, मग खिडकी लावायला सांगितली, मग त्या खडकाची झीज होऊन आपली काळी माती झाली. पिंकी पडल्या पडल्या वहीत उतरवून घ्यायची. सिद्धोधन भिंतीला टेकून ऐकायचा. आपण ज्या काळ्या जमिनीवर घर बांधलं आणि जिच्यामुळे दर पावसाळ्यात भिंतीला तडे जातात, ती एके काळी उकळत होती, हे त्याला फार पटलं.

असे अकरा दिवस झाले. पहिल्या दोन दिवसांनंतर मालनबाईंना वर्ग ही आपलीच जबाबदारी वाटू लागली. कॉलेजच्या फाटकासमोर चहाची टपरी होती आणि बजरंग नावाचा एक मुलगा तासाच्या वेळी तिथंच उभा असायचा. त्याचीही स्कॉलरशिप होती, हजेरी एकसष्ट. मालनबाईंनी त्याची चौकशी केली, आईचं नाव विचारलं, ती आपल्या माहेरकडची निघाली, आणि मग बजरंगला चहा गोड लागेना. तो मुकाट वर्गात येऊ लागला. त्याच्यामागे आणखी चार आले. मागच्या बाकावरच्या गप्पा बंद झाल्या, कारण मागच्या बाकावर मालनबाई बसत. बन्सीधर सरांना वाटलं, आपलं शिकवणं यंदा मुलांना आवडायला लागलंय. ते आणखी खुलले, आणखी मोठ्यानं शिकवू लागले आणि एकदा तर चुकून वेळ संपल्यावरही शिकवत राहिले.

मालनबाईंनाही ते दिवस आवडत होते. तसं त्या कुणाला म्हणाल्या नाहीत, पण बाकावर बसलं की त्यांना छान वाटायचं. हातात खोरं नाही, डोक्यावर घमेलं नाही, कुणीतरी शिकलेला माणूस आपल्यासमोर उभा राहून आपल्याला काही सांगतोय, असं त्यांच्या आयुष्यात चौथीनंतर झालंच नव्हतं.

बाराव्या दिवशी रंगनाथबाबू वर्गात आले. हजेरी कमी असलेल्यांची नावं वाचायची होती. त्यांनी यादी वाचली, चष्मा वर केला आणि मागच्या बाकाकडे बघतच राहिले. तिन्ही वेळा तेच सांगता का ते बघणारी बाई.

"बाई, तुमी इथं कशाला?"

"पिंकीच्या हजेरीवर," मालनबाई उभं राहून म्हणाल्या. "ती आजारी हाय. घरून मी आलेय."

वर्ग हसला. बन्सीधर सरांनी पट उघडला, एक्केचाळीस नंबरापुढच्या अकरा खुणांवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पाच मिनिटांत सगळी वरात प्राचार्यांच्या केबिनमध्ये होती.

प्राचार्या राजनंदिनी मॅडम शांत बाई होत्या. त्यांनी मालनबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग रंगनाथबाबूंना नियम वाचायला सांगितला. नियम ऐकताना मालनबाईंच्या हातातला ग्लास तसाच राहिला. हजेरी ज्याची त्यानंच द्यायची. दुसऱ्यानं दिली तर ती खोटी हजेरी. खोट्या हजेरीचं प्रकरण वर गेलं तर हजेरीच काय, स्कॉलरशिपच बंद होऊ शकते, आणि पुन्हा अर्ज करता येत नाही.

म्हणजे पिंकी नुसती आजारी पडली असती तर काही टक्के कमी पडले असते. आईनं मदत केली आणि सगळंच पणाला लागलं. हे मालनबाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. खूप भीती वाटली. पोरीची भीती नाही, पोरगी रडून मोकळी झाली असती. आपल्या हातानं आपल्या लेकराचं कॉलेज बुडवलं, याची भीती.

"खोटी कशी म्हणता, मॅडम," शेवटी त्या म्हणाल्या. "मी खरंच आले हुते. अकरा दिवस एक मिनिट उशीर न्हाई. आमच्याकडं जॉबकार्डावर घरचं कोणीबी चालतं. रेल्वेच्या पासावर फोटो असतो, तो मी घेतला न्हाई. तुमच्या पटावर फोटो न्हाई, नंबर हाय. मला वाटलं नंबर घराचा असंल. पोरगी नको म्हणली हुती. मीच ऐकलं न्हाई, मला लावा काय लावायचं ते."

रंगनाथबाबू खिडकीबाहेर बघू लागले. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खोट्या हजेऱ्या पुष्कळ पकडल्या होत्या, पण तिकीट काढून आलेली खोटी हजेरी पहिलीच.

मॅडमनी विचार केला. लबाडीचा हेतू नाही हे त्यांनी मान्य केलं. अकरा खुणा खोडायच्या, त्या जागी लाल शाईनं गैरहजर लिहायचं आणि प्रकरण केबिनमध्येच मिटवायचं. पण मग पिंकीची हजेरी सत्तरच्या खाली येत होती. आजारपणासाठी दहा टक्क्यांपर्यंत सूट देण्याचा अधिकार मॅडमना होता. त्याला दोन कागद लागत. डॉक्टरचा दाखला मालनबाईंच्या पिशवीत होताच. दुसरा कागद विषयाच्या शिक्षकांचा: मुलगी आजारी असली तरी तिचा अभ्यास मागं पडलेला नाही.

सगळ्यांनी बन्सीधर सरांकडे पाहिलं. सर आधीच दुखावले होते. अकरा दिवस आपण एका पालकाची हजेरी घेतली, ही बातमी आतापर्यंत स्टाफरूममध्ये पोचली असणार, हे त्यांना कळत होतं. ते म्हणाले, असा दाखला मी हवेत देणार नाही. मुलगी उठून बसली की लेखी चाचणी घेईन, त्या अकरा दिवसांत शिकवलं त्याच्यावरच. तिनं नीट लिहिलं तर देईन, नाही तर नाही.

दहा दिवसांनी पिंकी वडिलांच्या खांद्याचा आधार घेत कॉलेजात आली. रिकाम्या वर्गात एकटीनं बसून पाच प्रश्नांची उत्तरं लिहिली. मालनबाई बाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या, आणि बजरंग त्यांना दर दहा मिनिटांनी चहा विचारत होता. त्यांनी पाणीही घेतलं नाही.

दोन दिवस सरांकडून काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मायलेकींना बोलावणं आलं. केबिनमध्ये मॅडम, रंगनाथबाबू आणि सर. सरांच्या हातात पेपर होता आणि त्यांना तो कुठं ठेवावा हे कळत नव्हतं.

उत्तरं चांगली होती, याबद्दल वाद नव्हता. रंगनाथबाबूंनी शंका काढली, की उत्तरं चांगली आहेत म्हणून वर्गातलंच लिहिलंय कशावरून? बाजारात गाइडं मिळतात, ती पाठ करून कुणीही लिहील. उद्या वरून कुणी विचारलं तर आपण काय दाखवायचं? शंका रास्त होती. मालनबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

सरांनी घसा साफ केला आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर वाचलं. जिल्ह्यातल्या नद्यांविषयी होतं. पिंकीनं लिहिलं होतं: दुधना नदी पूर्णेला मिळते आणि पूर्णा पुढे गोदावरीला मिळते, म्हणजेच काय, दुधनेचं पाणी पूर्णेतून गोदावरीत जातं. परंतु सोळा तारखेला वर्गात सांगितल्याप्रमाणे दुधना सरळ गोदावरीला मिळते.

सर खाली बघत म्हणाले, "ही चूक कुठल्याच गाइडात नाही, मॅडम. ही माझी आहे. त्या दिवशी बोलण्याच्या ओघात तोंडून गेली. वर्गातल्या एकाही मुलाच्या लक्षात आली नाही. माझ्याही नाही."

हे बोलायला त्यांना दोन दिवस लागले होते, आणि ते बोलले म्हणून मालनबाईंच्या मनात सरांविषयी आदर होता त्याच्या दुप्पट झाला. नंतर सरांनी त्यांनाच विचारलं, की खरं माहीत होतं तर तुम्ही त्याच दिवशी का सांगितलं नाही. मालनबाई म्हणाल्या, माझं माहेर दुधनाकाठचं, मला ठाऊक हुतं. पण मी हजेरीवर हुते. मुकादमाला उलटून बोललं की खाडा लागतो. म्हणून घरी जाऊन पोरीला दोन्ही सांगितलं, सरांचं बी आणि नदीचं बी.

मॅडम हसल्या, मग रंगनाथबाबू हसले आणि शेवटी सरांनाही हसावं लागलं. त्यांनी तिथंच बसून दाखला लिहिला. अभ्यासात खंड नाही, असं एका ओळीत लिहिता आलं असतं, सरांनी चार ओळी लिहिल्या.

सूट मिळाली. एप्रिलमध्ये पिंकीनं परीक्षा दिली, सगळ्या विषयांत पास झाली आणि जुलैत अर्ज भरला. तो मंजूर झाल्याचा मेसेज एका सकाळी परभणी स्टेशनात उतरताच आला, आणि दुपारच्या गाडीनं परतल्यावर ती मालनबाईंना तो वाचून दाखवायला शेताच्या बांधापर्यंत धावत गेली. सिद्धोधननं त्या दिवशी स्वतःहून पेढे आणले आणि शेजारी वाटताना तीन वाक्यं बोलला, त्याची वस्तीत दोन दिवस चर्चा होती.

मालनबाईंना आनंद झालाच. पण मनात एक रुखरुख होती आणि ती त्यांनी त्याच रात्री जेवताना बोलून दाखवली. पटावरच्या त्या अकरा लाल खुणांचं त्यांना वाईट वाटत होतं. पिंकी तिथं नव्हती, ते बरोबर. पण कुणीतरी होतं की. इतकं मन लावून बसलेल्या माणसाची हजेरी जगात कुठंच लागली नाही, हे त्यांना फार लागलं होतं. पिंकीनं आईचा हात धरला. तिला म्हणायचं खूप होतं, पण ती एवढंच म्हणाली की आता हजेरीचं टेन्शन घेऊ नको, यंदा मी सुरुवातीपासून पंच्याहत्तर ठेवते.

"पंच्याहत्तर सरकारला पुरतात," मालनबाई म्हणाल्या. "मला न्हाई पुरत. सर पुढं काय शिकवायलेत ते मला रोजच्या रोज पाहिजे, सगळं. लाव्हा झाला, नद्या झाल्या, आता काय चाललंय? आज काय सांगितलं?"

पिंकीनं घास हातातच धरला. त्या दिवशी आनंदाच्या भरात ती आणि बबिता भूगोलाचा तास सोडून स्टेशनरोडला कुल्फी खायला गेल्या होत्या. मालनबाईंनी ताट बाजूला सारलं, मांडी नीट घातली आणि ऐकायला तयार होऊन बसल्या. पिंकी म्हणाली की वही बाहेर राहिलीय, आलेच. बाहेर येऊन तिनं बजरंगला फोन लावला आणि हळू आवाजात विचारलं, आज सरांनी काय शिकवलं, पहिल्या वाक्यापासून सांग, आणि मधे खोकले असतील तर तेही सांग.